नावाला क्लिक येत नाही

“चटणी म्हणून मागवली. डबा उघडला तर आत नुसती लाल पूड. इडलीबरोबर ही कशी खायची? शुद्ध फसवणूक.”

ठाण्याच्या एका बाईंनी आमच्या ऑनलाइन दुकानावर लिहिलेलं हे मत. खाली पाचातला एक तारा. मी ते आत्तीला फोनवर वाचून दाखवलं, तर पलीकडून आधी डंकाचा धाडधाड आवाज आला. मग आत्ती म्हणाली, “इडलीसंगं? त्या बाईला म्हणावं, इडलीसंगं खायाला खोबरं वाट की. माझी चटणी कालवणात घालायची असती. एवढं बी कळंना व्हय?”

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, तानुबाई कांबळे. मुक्काम निपाणी, वय एकोणसाठ, आवाज डंकाच्या वर जाणारा. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं विजेवर उचलली जातात आणि उखळात आदळतात. आमच्याकडे, म्हणजे कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात, चटणी म्हटलं की तीच. मिरची, भाजलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे घालून कांडलेली, वर्षभर पुरणारी. आमटीत चटणी, मटणात चटणी, आणि घरात काहीच नसेल तर भाकरीवर तेल-चटणी. दुसऱ्या कुठल्या गोष्टीला चटणी म्हणतात हे आत्तीच्या गावीही नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

आत्तीने बावीस वर्षं दुसऱ्याच्या डंकावर काढली. पदर तोंडाला घट्ट बांधून, डोळ्यांतून धारा वाहत. गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, “तानुबाई हाय का आज?” ती असली तरच मिरचीचं पोतं खाली उतरायचं. मिरची किती तापवायची, कांदा कुठल्या रंगावर काढायचा, हे तिच्या हाताला ठाऊक. पण त्याच बायका शेजारणीला डबा दाखवताना म्हणायच्या, डंकावरनं आणली. तानुबाईकडनं आणली, असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. आत्तीला हे कळत होतं. ती घरी येऊन भांडी आदळायची. भीमसेनमामा, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे की आदळ, पण स्वतःच्या डंकावर आदळ.

मामा गेल्यावर तिने तेच केलं. बुद्ध विहाराच्या मागच्या गल्लीत स्वतःचा डंक घातला आणि चार बायका कामाला घेतल्या. चारही जणी आधी तंबाखूच्या वखारीत होत्या. पहिली काही वर्षं बरी गेली. मग निपाणीतली तरणी घरं पुण्याला, बेंगळुरूला निघून गेली. पोतंभर मिरची कांडून घेणारं कुटुंब दुर्मिळ झालं. दोन वर्षांपूर्वी पाहिलं तर डंक आठवड्यातले चार दिवस बंद असायचा. तो पुरता थांबला असता तर त्या चौघींना पुन्हा वखारीचं दार गाठावं लागलं असतं, आणि ते आत्तीला मान्य नव्हतं. “मेले तरी चालंल, त्यास्नी तंबाखूत परत धाडणार न्हाय,” ती म्हणायची.

म्हणून मी तिला ऑनलाइन दुकान काढून दिलं. गेलेली माणसं जिथे आहेत तिथे डबा पाठवायचा, एवढा साधा विचार. मी बेळगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. सुट्टीच्या दोन दिवसांत दुकान उभं केलं आणि नाव दिलं ‘तानुबाईंची चटणी’. चार महिन्यांत सहा मागण्या आल्या. त्यातल्या दोन माझ्याच होत्या.

यात मला स्वतःचाच राग येतो. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईला हे कळू नये? चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. आणि आत्तीची चटणी मी स्वतःच्या हाताने चुकीच्या कपाटात ठेवली. दुकानाच्या पहिल्या पानाचं शीर्षक ‘होम’ असं राहून गेलं होतं. म्हणजे शोधयंत्राला आम्ही सांगत होतो की आमच्याकडे ‘होम’ मिळतं. फोटोंची नावं कॅमेऱ्याने दिलेली, नुसते आकडे. पाच प्रकारच्या चटण्या एकाच पानावर कोंबलेल्या. आणि वर्णनात काय, तर ‘अस्सल, पारंपरिक, दर्जेदार’. हे शब्द टाइप करून जगात कोण काय शोधतं? मी मोठी शिकलेली, आणि अक्कल अशी.

शेवटी कॉलेजातल्या एकाने विक्रमचं नाव सुचवलं. बेळगावजवळच्या कंग्राळीच्या शेतकरी घरातला, तिशी ओलांडलेला, शहरात त्याचं डिजिटल मार्केटिंगचं छोटं ऑफिस. तो स्वतः निपाणीला आला, डंकाच्या धुरळ्यात बसला, चार वेळा ठसकला आणि तरीही उठला नाही. मला माणूस आवडला. त्याने फोन काढून आत्तीपुढे धरला.

“मावशी, हे बघा. ‘चटणी’ म्हणून जो शोधतोय त्याला खोबऱ्याची, पुदिन्याची, शेंगदाण्याची पायजे असती. तुमची वस्तू ज्याला पायजे तो ‘कांदा लसूण मसाला’ लिवतोय. त्याला तुम्ही दिसतच न्हाय.”

“मसाला येगळा. ही चटणी हाय.”

“आपल्यासाठी चटणी. भाईरच्यांसाठी न्हाय.”

आत्तीने हातातलं सूप खाली टाकलं. “माझ्या आयनं चटणी म्हणलं. माझ्या सासूनं चटणी म्हणलं. आणि आता तुझा फोन सांगणार व्हय मला, माझ्या हातात काय हाय ते?”

कोपऱ्यात भरमाण्णा बसले होते, संकेश्वरहून मिरची घेऊन येणारे व्यापारी. त्यांची मायबोली कानडी. ते हसत म्हणाले, “तानुबाई, आमच्यात हिला मसाला खार म्हणतेत. म्हणून मी तुझा डबा न्यायचं सोडलोय काय?”

आत्तीने सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, “डब्यावर चटणीच राहणार. तिकडं मशीनमध्ये काय लिवायचं ते लिवा. दोनी लिवा.”

आणि तिथून काम सुरू झालं. विक्रमने जे केलं ते मी शेजारी बसून शिकले, त्याचं श्रेय मी नाकारत नाही. शीर्षकात दोन्ही शब्द घातले, चटणी आणि मसाला. इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव कुणी एक ‘पी’ घालून लिहितं, कुणी दोन, म्हणून दोन्ही घातले. बेळगावचंही तसंच, जुनं आणि नवं. प्रत्येक चटणीला वेगळं पान दिलं. फोटो इतके जड होते की पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जायचा, ते हलके केले, त्यांना नावं दिली. मग विक्रम म्हणाला की लोक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं पानावर पाहिजेत. तेव्हा आत्ती खुलली. एक किलो मिरचीला कांदा किती, चटणी काळी का पडते, जाळी का धरते, ती बोलत गेली आणि मी टाइप करत गेले. ‘कांदा वल्ला राहिला की बुरशी आलीच, मग नशिबाला बोल लावू नका’ हे वाक्य मी तसंच ठेवलं. ते पान सगळ्यात जास्त वाचलं गेलं.

तीन महिन्यांत चित्र पालटलं. आधी आठवड्याला एक मागणी, मग रोजची एक, मग पार्सल नेणारा माणूस गल्लीत ओळखीचा झाला. डंक सहा दिवस चालू लागला. डंकावरच्या मंगलने घरात फॅन घेतला. आत्ती गिऱ्हाइकांची गावं मोठ्याने वाचायची, सोलापूर, जालना, वाशी, आणि प्रत्येक गावाला “आलं का बोडकं” अशी लाडाची शिवी घालून हसायची. मी तिला इतकं हसताना फार वर्षांनी पाहत होते.

एका रविवारी मी निपाणीत असताना फोन वाजला. आत्तीचे हात चटणीने माखलेले, म्हणून मी स्पीकर लावला. सोलापूरच्या एक बाई होत्या, आवाज गोड.

“सरदेशमुख काकू आहेत का?”

“कोण?” आत्तीने विचारलं.

“अहो, चटणीवाल्या सरदेशमुख काकू. तिसरा डबा संपला. त्यांना सांगायचं होतं, अगदी आमच्या आजीच्या हातची चव.”

चुकीचा नंबर असेल म्हणून मी तो फोन कसाबसा संपवला. पण नंबर चुकला नव्हता. मी दुकानाचं ‘आमच्याविषयी’ हे पान उघडलं. कित्येक महिन्यांत ते उघडलंच नव्हतं. त्यावर आत्तीच्या फोटोच्या जागी एका गोऱ्यापान बाईचा फोटो होता, नऊवारी, नाकात नथ, पितळेच्या डब्यावर हात. कुठल्या तरी विकतच्या फोटोंतला. खाली लिहिलं होतं, ‘कोल्हापूरच्या सरदेशमुख घराण्याच्या माजघरात सहा पिढ्या जपलेली चव.’

मी ते वाचून दाखवलं. डंक चालू होता, आत्तीने हात करून तो बंद करायला लावला. मग म्हणाली, “पुन्ना वाच.” मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, “माजघर.” एवढंच. मग ती मोरीवर गेली आणि कोपरापर्यंत हात धूत राहिली. मी आत्तीचा राग जन्मापासून पाहिला आहे, आदळआपट, शिव्या, सगळं. हे निराळं होतं. मला भीती वाटली.

सोमवारी सकाळच्या बसने आम्ही दोघी बेळगावला विक्रमच्या ऑफिसात. त्याने चहा मागवला. आत्तीने कप दूर सारला.

“ती बाई कोण हाय रं?”

विक्रमला लगेच कळलं. “मावशी, तो नुसता फोटो हाय. सगळेच करतात. आजी, नऊवारी, जुनं घराणं. घरंदाज दिसलं की लोक थांबतेत.”

“घरंदाज म्हंजे काय?”

“म्हंजे... चांगल्या घरातली.”

“माझं घर वाईट हाय?”

“तसं न्हाय ओ.” त्याने संगणक आमच्याकडे वळवला. “हे आकडे बघा. आधी लोक त्या पानावर यायचे आणि माघारी जायचे. हे घातल्यापास्नं थांबायला लागले, मागवायला लागले. लोकांना काय आवडावं ते मी ठरवत न्हाय. मोठ्या नावावर क्लिक येतंय, बाकीच्या नावाला येत न्हाय. मी तुमच्या फायद्याचंच बघितलं.”

“कुठल्या नावाला येत न्हाय? सांग की. तुझ्या तोंडनं ऐकू दे.”

तो कानापर्यंत लाल झाला. विक्रम वाईट माणूस नाही, आणि माझी तिडीक तिथेच आहे. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हा आमच्या डंकावर बसून आमच्याबरोबर भाकरी खाल्लेला माणूस. त्याला त्यात काही गैर दिसलंच नव्हतं. लोक असेच आहेत, हे त्याने पाऊसपाण्यासारखं गृहीत धरून टाकलं होतं, आणि त्या लोकांत आपणही येतो हे त्याच्या डोक्यात नव्हतं. मी तोंड उघडलं. “विक्रम, कुणाचं नाव कुणी पुसायचं याला काही मर्यादा? तुम्हाला अधिकार कुणी दिला?”

तेव्हा तो माझ्याकडे वळला. चिडून नाही, खरंच गोंधळून. “ताई, मी काय पुसलो? तुम्ही दुकान केलासा तवा आडनाव कुठं घातलं होतासा? त्या पानावर एक ओळ होती, ‘निपाणीच्या तानुबाई’. मला वाटलं, तुम्हालाच ते नको हाय. मोकळी जागा होती, ती मी भरलो.”

आत्तीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठली, दुकानाचे सगळे पासवर्ड त्याला कागदावर लिहून द्यायला लावले, कागद पिशवीत घातला आणि जिना उतरली. बसस्टँडवर निपाणीची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मी काहीबाही बोलत होते, विक्रमला कसा धडा शिकवायचा वगैरे.

“का न्हाय घातलंस?” तिने विचारलं.

“नाव सुटसुटीत दिसावं म्हणून गं.”

“रचना, खरं सांग.”

“धंद्याला तरास नको म्हणून,” मी म्हटलं.

“तुझ्या कॉलेजात तुझ्या टेबलावर पाटी हाय. तिच्यावर आडनाव हाय न्हवं?”

“हाय.”

“पुस्तकं द्यायला चालतंय. खायच्या जिनसावर चालत न्हाय. व्हय?”

 आणि विक्रमला ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट होती, ती मी तिथेच, त्या बाकावर सांगून टाकली. आत्तीचा डंकाशेजारचा फोटो मी काढला होता. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. दुकानावर चढवताना मी फोटोची ती बाजू कापली होती. विचार करून कापली होती, अगदी सरळ रेघेत. मामाने आणून लावलेली तसबीर. मी स्वतःला सांगितलं होतं की चौकटीत बसत नव्हती. हे लिहितानाही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. सरदेशमुखीण विक्रमने आणली खरी, पण जागा मी करून दिली होती.

आत्ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. गाडी लागली तेव्हा म्हणाली, “त्यानं परक्यावाणी केलं. तू आपली असून केलंस.” निपाणी येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. डंकापाशी बसून पान नव्याने लिहिलं, आत्तीने सांगायचं आणि मी टाइप करायचं. ‘ही चटणी तानुबाई भीमसेन कांबळे यांच्या हातची. गाव निपाणी, जिल्हा बेळगाव. बावीस वर्षं दुसऱ्याच्या डंकावर आणि आता स्वतःच्या.’ कोल्हापूर काढलं. “कोल्हापूरचं नाव चांगलं हाय, पर ते त्यांचं हाय,” आत्ती म्हणाली. फोटो नवा काढला, भिंतीसकट. शोधयंत्राला फोटो दिसत नाही, म्हणून त्यात काय आहे ते शब्दांत लिहायची एक जागा असते. तिथे मी तसबिरीसकट सगळं लिहिलं. दुकानाच्या शीर्षकात पूर्ण नाव घातलं. कांदा-लसूण मसाला हा शब्द मात्र ठेवला. त्यावर आत्तीची हरकत नव्हती. “गिऱ्हाइकाची बोली त्याची त्याला,” म्हणाली, “माझं नाव माझं मला.”

विक्रमचा फोन आला. त्याने माफी मागितली, आणि प्रामाणिकपणे सांगितलंही, की एवढा बदल एकदम केला तर दुकान यादीत खाली जाईल, लोक कमी होतील. तसंच झालं. यादीत खाली गेल्यामुळे किती कमी झाले आणि पान वाचून किती परत फिरले, ते कुठल्याही आकड्यात वेगळं दिसत नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. न मागवणारा माणूस कारण लिहीत नाही. एक तारा देणारी ठाण्याची बाई परवडली, ती निदान काय ते बोलली तरी.

डंक पाच दिवसांवर आला, मग साडेचारवर. आत्तीने चौघींना समोर बसवून सगळं सांगितलं. म्हणाली, “तुमच्या पोटाचा सवाल हाय. तुमी म्हणालासा तर ती नथवाली परत लावू.” मंगल म्हणाली, “आक्का, आमी कुटायचं आणि तिनं मिरवायचं? ऱ्हाऊ दे तिला तिच्या माजघरात.” बाकीच्या हसल्या. मी मात्र हसू शकले नाही, कारण त्यांनी काय पणाला लावलं होतं ते मला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात त्या सोलापूरच्या बाईंचा पुन्हा फोन आला. मी निपाणीतच होते. या वेळी आत्तीने स्वतः उचलला.

“अहो, दुकान विकलं का सरदेशमुख काकूंनी? साइटवर तानुबाईंपुढे भलतंच आडनाव दिसतंय. नाव का बदललं?”

“बदललं न्हाय बाई,” आत्ती म्हणाली. “पैल्यांदा लिवलंय.”

“म्हणजे काकू नाहीत? मग ते आधीचे डबे कुणी केलेले?”

“मीच. तुमी तीन डबे खाल्लासा, ते माझ्याच हातचं. आजीची याद आलती न्हवं तुमास्नी?”

 पलीकडून फोन कट झाला. आत्तीने तो पदराने पुसून फळीवर ठेवला आणि मंगलला म्हणाली, “चालू कर डंक.”